ताईला सांगितलेल्या लढती

४ फेब्रुवारी

वही लेखिकाबाईंची, अक्षर माझं. "धाकटे काही बोलले, त्यांना काही आठवलं, की लगेच टिपून ठेवा," असं सांगून त्या ही देऊन गेल्या. धाकटे! सव्वासहा फूट उंच, माझ्या शिवणकामाच्या दुकानाच्या दारातून मान वाकवल्याशिवाय आत येऊ न शकणारा, तीन वर्षं बॉक्सिंगचा हेवीवेट जगज्जेता राहिलेला माणूस. मी त्याला धाकटा म्हणते म्हणून बाईही तेच म्हणायला लागल्या. म्हणू देत. वहीत काय लिहायचं ते मात्र मी ठरवणार.

तर झालं असं. प्रकाशकाला धाकट्याचं पुस्तक काढायचंय. त्याच्या कारकिर्दीतले सगळ्यांत मोठे पाच विजय, एकेका विजयाचं एकेक प्रकरण. बाई दुपारच्या येणार, तो सांगणार, त्या लिहिणार. आज पहिला दिवस. मी कापायचं टेबल आवरलं, दोन्ही पुतळे भिंतीकडे सरकवले आणि धाकट्याला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. ती बिचारी कुरकुरली. दोन वर्षांपूर्वी तो वरच्या खोलीत राहायला आल्यापासून तिचे हाल आहेत.

बाईंनी पेन उघडलं. "तुमचा सगळ्यांत मोठा विजय कोणता?"

धाकटा माझ्याकडे बघायला लागला. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "ताईला विचारा. ताईला सगळं तोंडपाठ आहे."

मला हसूच आलं. पहिल्यापासून असाच ऐदी. शाळेतले त्याचे निबंधसुद्धा मीच लिहून द्यायचे. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. एरवी मला कोण काय विचारतं? बाही किती ठेवू आणि कोट कधी मिळेल, एवढंच.

६ फेब्रुवारी

बाईंना आधी हे सांगावं लागलं की मी त्याची एकही मोठी लढत बघितलेली नाही. त्या चाटच पडल्या. "मग तोंडपाठ कशा?"

ऐका म्हटलं. धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पहिलीच स्पर्धा, मी तिसऱ्या रांगेत. दुसऱ्या राउंडला याच्या ओठातून रक्त आलं आणि माझं डोकंच फिरलं. उठले, धावत रिंगणापाशी गेले, दोर धरला आणि त्या समोरच्या मुलावर ओरडले, "लाज नाही वाटत? लहान आहे तो!" सगळं सभागृह हसलं. धाकट्याने वळून माझ्याकडे बघितलं आणि तेवढ्यात त्या मुलाने याच्या कानशिलात ठेवून दिली. खेळ खलास. सगळ्या कारकिर्दीत त्याचे दोनच पराभव झाले, त्यातला एक माझ्या नावावर आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बजावलं, "ताई, यापुढे तू यायचं नाहीस. टीव्हीवरही बघायचं नाही. मीच तुला सगळं सांगत जाईन." आणि शब्द पाळला. लढतीच्या दिवशी मी शटर ओढून घ्यायची आणि शेजारचा टीव्ही कानावर येऊ नये म्हणून चिंध्यांवर मशीन चालवत बसायची. पेपरातलं खेळाचं पान न बघता कापडाखाली अंथरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, असेल त्या देशातून, त्याचा फोन. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत सगळं सांगायचा आणि इकडे माझा चहा गार व्हायचा.

मग लोहाराची लढत सांगितली. लोहार हे त्याचं खरं नाव नव्हे, त्याच्या एकेका हाताचं वजन बघून धाकट्याने ठेवलेलं. धाकट्याने मला फोनवर सांगितली तश्शीच सांगितली. अंधारात दिव्याचं बटण चाचपडावं तसा लोहार हात फिरवत होता आणि धाकटा नुसता बाजूला होत होता. लोहाराच्या अंगाला छान साबणाचा वास येत होता. तिसऱ्या राउंडला तर धाकट्याला इतकं निवांत वाटायला लागलं की त्याने छताचे दिवे मोजून काढले. चोवीस निघाले. मग पुन्हा दोनदा मोजले, खात्रीसाठी. सहाव्या राउंडला लोहार दमला, तेव्हा याने एकच दिला, तोही अलगद. "ताई, मला एकही लागला नाही," हे शेवटचं वाक्य. प्रत्येक फोनचं शेवटचं वाक्य हेच असायचं.

धाकटा डोळे मिटून ऐकत होता. उन्हाचा पट्टा टेबलावरून त्याच्या गुडघ्यापर्यंत आला होता आणि इस्त्रीची वाफ त्यात तरंगत होती. "चोवीस," तो हळूच म्हणाला. किती गोड हसला!

बाईंचं पेन मात्र थांबलं होतं. "रिंगणात उभं राहून छताचे दिवे मोजले?"

"हो. इतका निवांत होता," मी म्हटलं.

९ फेब्रुवारी

आज नाचऱ्याची लढत. हा माणूस पायांत स्प्रिंग बसवल्यासारखा उड्या मारायचा म्हणून नाचरा. लढत समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉलमध्ये होती आणि धाकटा म्हणाला होता की आत समुद्र भरून आल्यासारखं वाटत होतं, माणसं पाण्याखालून टाळ्या वाजवत होती. पाचव्या राउंडला त्याला माझं मशीन ऐकू आलं. इतक्या लांबून! खट खट खट खट, एकसारखी टीप. "त्या तालावर मी उभा राहिलो ताई, मशीन थांबलं की मी मारणार असं ठरवलं. थांबलं, आणि मी मारला."

मी तेव्हा खरोखरच चिंध्यांवर टीप मारत होते. कुठे मी, कुठे तो. याला काय म्हणायचं ज्याचं त्याने ठरवावं.

धाकटा पुढे सरकून बसला होता. "मग?"

"मग काय, तो पडला."

"कोण जिंकलं?"

मी खडूचा तुकडा त्याच्या अंगावर फेकला. बाईंसमोर माझी फिरकी घेतो! तोही हसला, पण जरा उशिरा.

११ फेब्रुवारी

धाकट्याला काळ्या दोऱ्याची रिळं आणायला पाठवलं. कोपऱ्यावरचं दुकान, चाळीस पावलं. दोन तासांनी आला, हातात पाव. "पाव संपला होता ना?" म्हणाला. पाव चांगला दीड लादी घरात पडलाय. चिडले, मग वाटलं जाऊ दे, आयुष्यभर बॅगा उचलायलाही माणसं होती त्याला, वेंधळेपणा करणारच.

१२ फेब्रुवारी

मधल्या दोन लढती आज एकदमच उरकल्या. एक तर पहिल्याच राउंडला संपली होती, त्यात सांगण्यासारखं काय असणार.

जेवणानंतर मशीनवरच डोळा लागला. स्वप्नात कापायच्या टेबलावर कोणीतरी खडूने रिंगण आखलेलं. धाकटा टाचणीएवढा, माझ्या टेपच्या दोरांमधून पळत होता. मी हात पुढे केला तर म्हणतो, "ताई, हात काढ, सावली पडतेय." जागी झाले तेव्हा तो खरंच समोर उभा होता आणि दाराकडे बघत विचारत होता, वर जायचा जिना कुठून आहे. झोपेत चालायला लागलाय की काय हा?

१४ फेब्रुवारी

बेल्टची लढत. माझी सगळ्यांत आवडती. बारा राउंडची, समोर आधीचा जगज्जेता. धाकटा त्याला मनात आजोबा म्हणायचा.

नवव्या राउंडनंतर म्हणे आवाजच बंद झाला, कोणीतरी दार लोटून घ्यावं तसा. सगळं पांढरं आणि मऊ. धाकट्याचं अंग इतकं हलकं झालं की पाय टेकतायत की नाही ते कळेना. पहिल्या रांगेत आई बसली होती, शर्टाला बटण लावत. (आई गेली तेव्हा हा बारा वर्षांचा.) याने रिंगणातून विचारलं, "आई, जेवलीस का?" ती म्हणाली, "तू आटप आधी." दहावा राउंड संपल्यावर याला वाटलं, समोरची माणसं वयाने मोठी, त्यांची विचारपूस करावी. म्हणून हा सरळ त्यांच्या कोपऱ्यात गेला, आजोबांच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बरे आहात ना सगळे?" ते बघतच राहिले! ही गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली आहे. जगज्जेतेपदाच्या लढतीत असे संस्कार दाखवणारा दुसरा कोणी आणून दाखवा म्हणावं. बाराव्याला आजोबा दमले, याच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाले, "घे बाबा, आता तू सांभाळ." आणि बेल्ट याचा झाला.

धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काय छान झालं गं ताई," म्हणाला. "हा कोण होता?"

"कोण म्हणजे? तू!"

"हो का," तो म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले.

बाईंनी आज एक ओळही लिहिली नाही. पैसे घेऊन नुसतं ऐकायला येतात की काय?

१५ फेब्रुवारी

भांडण झालं. माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतोय.

धाकटा वर झोपला असताना बाई आल्या. म्हणाल्या, "ताई, रागावू नका. मी सगळ्या लढतींचं चित्रण बघितलंय. लोहाराच्या लढतीत तिसऱ्या राउंडला धाकटे तीनदा पडले होते. पाठीवर."

"बाई, पाठीवर पडून कोणी जिंकतं का?"

"तेच तर मला लिहायचंय. ते तीनदा पडले आणि तीनदा उठले."

"त्याने स्वतः मला सांगितलंय, एकही लागला नाही म्हणून. तुमचं चित्रण खरं की माझा भाऊ?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते टोपण लावणं माझ्या जास्त डोक्यात गेलं. म्हटलं, उद्यापासून येऊ नका, तुमची वही मी पोस्टाने पाठवीन. त्यांनी पर्स उचलली आणि गेल्या. वही अजून पाठवलेली नाही, हे दिसतंच आहे.

१७ फेब्रुवारी

झोप नाही धड. पाठीवर पडलेल्या माणसाला छताचे दिवे दिसतात, हे मला आजपर्यंत कसं सुचलं नाही?

सकाळी पेटी उघडली. रिंगणात उतरताना तो अंगावर घ्यायचा ते झगे मीच शिवायचे, सगळे परत माझ्याकडे आलेत. पहिल्या झग्याला पांढरं अस्तर होतं. लोहाराच्या लढतीनंतर धाकटा म्हणाला, "ताई, अस्तर पांढरं नको. गर्द लाल लाव, रुबाबदार दिसतं." मी कौतुकाने चार जणींना सांगितलं, माझ्या भावाला कपड्यातलं कळायला लागलं म्हणून! तो पांढरा झगा परत आला तेव्हा गळ्यापाशी डाग होते. टॉवेलचा रंग लागला, म्हणाला. मी गार पाण्यात भिजवून, मीठ चोळून धुतला.

चाळीस वर्षं कापडात गेली माझी. टॉवेलचा रंग कुठला आणि रक्त कुठलं, मला कळत नव्हतं? रंगाच्या डागाला कोण गार पाणी आणि मीठ लावतं? खरं ते लिहिते. मी विचारलंच नाही. आठच्या त्या फोनवर मला फार सुख व्हायचं आणि ते मला घालवायचं नव्हतं.

२० फेब्रुवारी

धाकटा दोन दिवस खाली आला नाही. आज चहा घेऊन वर गेले तर भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"पुस्तक नको, ताई."

"का रे?"

"मॅडम विचारतात आणि माझ्या डोक्यात काही येत नाही. आधी वाटायचं येईल, येईल. तू सांगतेस ते ऐकायला छान वाटतं, पण ते कोणा दुसऱ्याचं वाटतं." कप न पिताच खाली ठेवला. "ताई, एक सांग. मला कोणी कधी मारलंच नाही ना?"

मी तो कप उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला.

"एकही लागला नाही, असं तूच सांगतेस. मग माझं डोकं असं कशाने झालं? काही न होता झालं म्हणजे मी मुळातच बावळट. लोकांनी उगाच टाळ्या वाजवल्या. असला माणूस पुस्तकात कशाला घालायचा?"

गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला त्याच्या डोक्याचे फोटो दाखवले होते. म्हणाले, "वर्षानुवर्षं बसलेला मार आहे हा." मी त्यांच्याशी भांडले. त्याला कधी लागलेलंच नाही, नीट बघा, दुसऱ्या कोणाचे फोटो असतील. वर डॉक्टर बदलला. धाकट्याला यातलं अक्षरही सांगितलं नाही. म्हणजे गेलं वर्षभर तो स्वतःला वेडा समजत बसलाय आणि मी खाली बसून गिऱ्हाइकांना त्याचे संस्कार सांगतेय.

त्याने मला वाचवायला जे सांगितलं तेच मी उचलून त्याच्या डोक्यावर घातलं.

२१ फेब्रुवारी

बाईंना फोन केला. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे आधी हवापाण्याचं बोलले, मग वहीचं, मग मागितली. त्या म्हणाल्या, "अहो ताई, कधी येऊ ते सांगा."

"पाचही लढती घेऊन या. मला बघायच्यात."

"नक्की?"

"नक्की नाही. पण या."

२३ फेब्रुवारी

बघितल्या. धाकट्याला डॉक्टरांकडे तपासणीला पाठवलं होतं, जुन्याच डॉक्टरांकडे, शेजारच्या मास्तरांना सोबत देऊन. शटर अर्ध्यावर ओढलं. बाईंनी कापायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

लोहाराच्या लढतीत तो पडला तेव्हा मी उठून उभी राहिले आणि ओरडलेच, काय ते आठवत नाही. बाईंनी माझा हात धरला. पडद्यावर धाकटा पाठीवर, डोळे उघडे, ओठ हलतायत. मी ओठांकडे बघितलं. मोजत होता. पंच नऊ म्हणाला आणि हा उठला. असं तीनदा.

नाचऱ्याच्या लढतीतला पाचवा राउंड. नाचऱ्याने याला कोपऱ्यात दाबून धरलेलं आणि बरगड्यांवर एका लयीत मारतोय. बाईंनी आवाज वाढवला. खट खट खट खट. माझंच मशीन. हुबेहूब. मी म्हटलं, बंद करा, मग म्हटलं, नको, चालू दे. नाचरा दमून थांबला आणि याने मारला.

मधल्या दोन लढतींपैकी पहिल्या राउंडवाली मात्र अगदी त्याने सांगितली तशीच निघाली. समोरचा एका ठोशात आडवा. मी ती तीनदा लावायला सांगितली. बाईंनी न कंटाळता लावली.

बेल्टची शेवटी बघितली. दहाव्या राउंडला आजोबांनी त्याला एकोणतीस ठोसे मारले, मी मोजले. घंटा झाली तेव्हा धाकटा भलत्याच कोपऱ्याकडे चालायला लागला. चेहऱ्यावर काय शांतपणा! आजोबांच्या स्टुलावर जाऊन बसला आणि त्यांच्या माणसांशी बोलायला लागला. त्याचा कोच धावत आला, त्याला काखेत धरून परत नेलं, तोंडावर पाणी मारलं. त्या बाजूची माणसंसुद्धा हसली नाहीत. आणि तरी हा अकराव्याला उभा राहिला, बाराव्यालाही. शेवटी आजोबा याच्या खांद्यावर कोसळले आणि काहीतरी पुटपुटले. ते खरंच "घे बाबा" म्हणाले की नाही, ते कोणाला कळणार. म्हणाले असतील.

२४ फेब्रुवारी

दुकान उघडलं नाही.

२६ फेब्रुवारी

सांगितलं. सकाळभर घाबरत होते. वाटत होतं, त्याच्याजवळ उरलंय काय, त्या छान लढतीच ना? त्याही काढून घेतल्या आणि तो आणखीनच खचला तर? दोनदा जिना चढले, दोनदा उतरले. तिसऱ्यांदा त्यानेच विचारलं, "ताई, काय चाललंय तुझं? व्यायाम?"

बसले त्याच्या शेजारी. "धाकट्या, तुला मार बसला होता."

"कोणी मारलं?"

"लोहाराने, नाचऱ्याने, आजोबांनी. बेदम मारलंय तुला. डोक्यावर, बरगड्यांवर. डोकं असं झालंय ते त्याने. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, मी तुला सांगितलं नाही. माझं चुकलं."

"तुला काय माहीत? तू कुठे बघतेस?"

"बघितल्या. तेरवा. सगळ्या."

त्याचं तोंड उतरलं. "मी सांगितलं होतं ना तुला, बघायचं नाही म्हणून." हे मात्र बरोबर लक्षात!

"तू मला खोटं सांगत होतास."

"मी? कशाला?"

"मी घाबरेन म्हणून."

त्याने जरा विचार केला. "असेल. मग पुढे? पडलो?"

"लोहाराने तीनदा पाडलं."

"मग?"

"मग उठलास."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. नऊ मोजेपर्यंत पडून राहिलास, आळशी कुठला, पण उठलास."

त्याने स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले. नवीन आणल्यासारखे. "म्हणजे याला कारण आहे. मी बावळट नाही."

"बावळट तर तू आहेसच. पण ते या कारणाने नव्हे."

तो हसायला लागला, खदाखदा, खुर्ची मोडते की काय असं वाटलं. मग रडला. मीही रडले. मग त्याने मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं, आणि प्रत्येक वेळी पडल्यावर श्वास रोखून विचारायचा, "उठलो?"

दुपारी बाईंना फोन करून म्हणाला, "मॅडम, पुस्तक करू या."

२७ फेब्रुवारी

सकाळी खाली आला. "ताई, मला कोणी कधी मारलं नाही ना?"

मी मशीन थांबवलं. खुर्ची ओढली. लोहारापासून सुरुवात केली.

९ मार्च

हे आता रोजचंच झालंय. काही दिवशी त्याला अर्धं आठवतं, काही दिवशी काहीच नाही. मी सांगते, तो पडतो, मी मोजते, तो उठतो. उठल्यावर चेहरा असा फुलतो की मला वाटतं, अकरा वेळा जिंकला हा बेल्ट या पंधरवड्यात. माझ्याही अंगावरचा काटा जात नाही. मध्येच थांबले तर तो घाबरतो, म्हणून दोरा तुटला तरी थांबत नाही. डॉक्टर म्हणाले, सांगत राहा.

प्रकाशन समारंभासाठी त्याला कोट शिवतेय. आज फिटिंग होतं आणि बाईही शेवटच्या प्रकरणापर्यंतचे सगळे कागद घेऊन आल्या होत्या. त्यांनी पाचही लढती त्याला वाचून दाखवल्या. आजचा दिवस चांगला होता, वाचलेलं सगळं ध्यानात राहत होतं. मी आत पडद्यामागे कोटाच्या बाहीला इस्त्री करत होते. बाहेर धाकट्याने आवाज खाली आणला. त्याला वाटतं तो हळू बोलतो, पण एवढ्या छातीतून हळू काय निघणार.

"मॅडम, ताई आत आहे ना?"

"हो, इस्त्री करतायत."

"मग ऐका. सगळं छापा. पडलो ते, मोजले ते, दुसऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसलो तेसुद्धा. मला त्याची लाज नाही. पण एक प्रत वेगळी काढायची. एकच. तिच्यात मला कोणी हात लावलेला दिसता कामा नये. जमेल?"

"जमेल. कोणासाठी?"

"ताईसाठी हो. तिने यातलं काही बघितलेलं नाही. तिला नाही सोसायचं."

मी इस्त्री उभी करून ठेवली, नाहीतर बाही जाळली असती. पदराने तोंड दाबून उभी राहिले. रडले, भरपूर रडले, लिहायला लाज कसली. मग तोंड पुसून कोट घेऊन बाहेर आले.

"डोळे का लाल गं?" तो म्हणाला.

"वाफ. हात घाल बघू आधी."

त्याने हात घातला. खांदे बरोबर बसले, पाठीत अर्धा इंच घ्यावं लागेल. तो आरशात वळून वळून बघत होता तेव्हा बाई दारापाशी माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, "ताई, ती प्रत... खरंच काढायची?"

म्हटलं, काढा. तो मला ती देईल, आणि मी त्याच्यासमोर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचेन.